पदपथ ते हरितमार्ग : टी. नगरच्या अनुभवातून जाळ्याचे नियोजन

शहराच्या नियोजनात रस्ता म्हणजे वाहनांचा रस्ता असे बहुधा गृहीत धरले जाते. पदपथ हे उरलेल्या जागेत आणि उरलेल्या निधीतून करावयाचे काम ठरते. वस्तुतः बसने किंवा रेल्वेने जाणारा प्रत्येक प्रवासी घरापासून थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून कामाच्या ठिकाणापर्यंत पायीच जात असतो. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. याचा अर्थ दररोज सरासरी ९० माणसे केवळ पायी चालताना प्राणास मुकली. पदपथाचा प्रश्न हा शहराच्या सौंदर्यापुरता मर्यादित नाही, हे या आकड्यावरून स्पष्ट होते.

सर्व रस्त्यांवर एकाच वेळी पदपथ बांधणे कोणत्याही महापालिकेला शक्य नसते. त्यामुळे कोणता रस्ता आधी घ्यावयाचा आणि तो कोणत्या निकषावर, हा नियोजनातील खरा प्रश्न असतो. चेन्नईतील टी. नगर या गजबजलेल्या व्यापारी भागाने गेल्या दशकात या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, त्यांतील यश आणि उणिवा दोन्ही अभ्यासण्याजोग्या आहेत.

जाळे म्हणजे काय?

पदपथ, सायकल मार्ग, उद्यानांतील पायवाटा आणि नदी-कालव्यांच्या काठचे हरितमार्ग हे सर्व एकमेकांना जोडले गेले म्हणजे त्यांचे जाळे तयार होते. हरितमार्ग म्हणजे झाडांच्या सावलीतून जाणारी, मोटार वाहनांपासून मुक्त अशी सलग पट्टी. तिच्यावरून माणसे चालतात, सायकली जातात, तिच्या मातीत पावसाचे पाणी मुरते आणि पक्ष्यांना आसरा मिळतो.

अशा जाळ्याचे साधारणतः तीन स्तर मानता येतात. नदी, कालवा किंवा समुद्रकिनारा यांच्या काठचे लांब पल्ल्याचे मार्ग हा पहिला स्तर. या मार्गांना रेल्वे स्थानके, बसथांबे व बाजारपेठा यांच्याशी जोडणारे प्रमुख रस्ते हा दुसरा. आणि घर, शाळा व दवाखाना यांच्यापर्यंत पोहोचणाऱ्या गल्ल्या हा तिसरा. या तिन्हींतील कोणताही दुवा तुटला तर बाकीच्यांची उपयुक्तता घटते. ९०० मीटर उत्तम पदपथ असून शेवटच्या १०० मीटरवर गटाराचे उघडे झाकण किंवा उभी वाहने असतील, तर वृद्ध व्यक्ती, चाकाच्या खुर्चीवरील दिव्यांग किंवा लहान मुलाला घेऊन निघालेली आई त्या रस्त्याने जाऊ शकत नाही. त्यांच्या दृष्टीने तो संपूर्ण मार्गच बंद असतो.

तलावाच्या जागेवरील वसाहत

टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पक्षाचे एक संस्थापक सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव या वसाहतीला देण्यात आले. मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये आणि मद्रास इलाख्यात १९२० मध्ये नगररचना कायदे झाले. त्यानंतर १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात, ‘लाँग टँक’ नावाच्या विस्तीर्ण तलावाचे पाणी काढून मोकळ्या झालेल्या जागेवर ही वसाहत आखण्यात आली. मद्रास इलाख्याचे तत्कालीन प्रमुख मंत्री पानगलचे राजे यांच्या नावाने पानगल पार्क हे उद्यान मध्यभागी ठेवून तेथून रस्ते काढण्यात आले. तलाव गेला, पण शेजारच्या पश्चिम मांबलममधील एका रस्त्याचे ‘लेक व्ह्यू रोड’ हे नाव त्याची आठवण देत राहिले.

निवासासाठी आखलेली ही वसाहत कालांतराने दक्षिण भारतातील रेशमी साड्या, सोने-चांदी व भांडी यांची मोठी बाजारपेठ बनली. मांबलम रेल्वे स्थानकातून उतरलेला ग्राहक थेट रंगनाथन स्ट्रीट या अरुंद रस्त्यावर येतो. दिवाळी किंवा पोंगलच्या आधीची तेथील गर्दी समजून घ्यावयाची असेल, तर मराठी वाचकाने दादरचा रानडे रोड आठवावा. उस्मान रोड आणि त्यागराय रोड, अर्थात पाँडी बाजार, या रस्त्यांवर याच गर्दीत मोटारी, दुचाकी व बसगाड्यांची भर पडली.

धोरणाने घातलेला पाया

चेन्नई महानगर विकास प्राधिकरणाच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासासाठी २००८ मध्ये झालेल्या सर्वेक्षणात शहरातील सुमारे २८ टक्के फेऱ्या पायी आणि ६ टक्के सायकलने होत असल्याचे आढळले. बसचा वाटा सुमारे २६ टक्के, तर दुचाकीचा २५ टक्के होता. मोटारीचा वाटा सायकलच्या जवळपास होता. तरीही रस्त्याची बहुतेक रुंदी आणि रस्त्यांवरील बहुतेक खर्च मोटार वाहनांच्या वाट्याला जात असे.

वाहनांऐवजी माणसांच्या प्रवासाला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच मांडले होते. चेन्नई महापालिकेने ऑक्टोबर २०१४ मध्ये अयांत्रिक वाहतूक धोरण स्वीकारून त्याला स्थानिक रूप दिले. वाहतुकीवरील अंदाजपत्रकाचा किमान ६० टक्के भाग पायी व सायकल प्रवासाच्या सोयींसाठी राखावा, अशी तरतूद त्यात करण्यात आली. २०१८ पर्यंत किमान ८० टक्के रस्त्यांवर पदपथ व्हावेत, पायी व सायकल फेऱ्यांचा वाटा ४० टक्क्यांच्या वर जावा आणि पादचारी व सायकलस्वारांचे मृत्यू शून्यावर यावेत, अशी उद्दिष्टे होती. ही सर्व उद्दिष्टे मुदतीत गाठली गेली नाहीत. तथापि पदपथासाठी निधी ‘उरल्यास’ देण्याऐवजी आधीच राखून ठेवण्याची पद्धत रूढ झाली आणि बसमार्गांच्या अनेक रस्त्यांवर रुंद, सलग पदपथ तयार झाले.

येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. चेन्नई महापालिकेच्या देखभालीखालील बसमार्गांच्या रस्त्यांची लांबी सुमारे ३८७ किलोमीटर आहे, तर अंतर्गत रस्त्यांची सुमारे सव्वापाच हजार किलोमीटर. एकूण लांबीच्या सात टक्क्यांहून कमी असलेल्या रस्त्यांवर बसप्रवाशांची आणि बाजारहाट करणाऱ्यांची सर्वाधिक वर्दळ असते. बसमार्गांपासून सुरुवात केल्यास मर्यादित निधीचा लाभ अधिकाधिक लोकांना मिळतो. प्राधान्यक्रमाचे हे पहिले सूत्र होय.

पाँडी बाजारचा प्रयोग

जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या यादीत, जानेवारी २०१६ मध्ये, चेन्नईचा समावेश झाला आणि क्षेत्राधारित विकासासाठी टी. नगरची निवड झाली. पाँडी बाजारला पादचारी चौकाचे रूप देण्याची कल्पना त्यात होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये रस्त्यावर तात्पुरते अडथळे उभारून चाचणी घेण्यात आली. ग्राहक मोटारीने आला नाही तर धंदा बसेल, अशी व्यापाऱ्यांची धास्ती होती. कागदावरील आराखड्यापेक्षा प्रत्यक्ष चाचणीमुळे ही शंका तपासून पाहणे सोपे गेले. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या रूपातील पाँडी बाजार लोकांसाठी खुला झाला.

रस्ता वाहनांना पूर्णतः बंद करण्यात आला नाही. वाहनांचा पट्टा अरुंद करून उरलेली रुंदी पादचाऱ्यांना देण्यात आली, बसण्यासाठी आसने ठेवण्यात आली आणि वाहनतळाची वेगळी व्यवस्था करण्यात आली. कोपनहेगन शहराने १९६२ मध्ये ‘स्ट्रॉगेट’ हा बाजाररस्ता पादचाऱ्यांसाठी राखला, तेव्हाही व्यापाऱ्यांनी अशीच भीती व्यक्त केली होती. पुढे तो जगातील नामांकित पादचारी रस्त्यांपैकी एक ठरला.

परंतु पाँडी बाजारच्या रुंद पदपथावरून चालत निघालेला माणूस आजूबाजूच्या जुन्या रस्त्यांवर पाऊल ठेवताच पुन्हा वाहनांच्या गर्दीत सापडतो. एक रस्ता सुधारला म्हणजे जाळे तयार होत नाही, हा या प्रयोगातून मिळालेला दुसरा धडा होय. मांबलम स्थानक ते टी. नगर बसस्थानक या दोन मोठ्या केंद्रांमधील तुटलेला दुवा सांधण्यासाठी मे २०२३ मध्ये सुमारे ५७० मीटर लांबीचा स्कायवॉक सुरू करण्यात आला. रेल्वेतून उतरून बसकडे जाणाऱ्या प्रवाशाची त्यामुळे सोय झाली. मात्र ज्याला वाटेतील दुकानात जावयाचे आहे, त्याला जमिनीवरूनच चालावे लागते. मुंबईत २००८ नंतर उभारलेल्या स्कायवॉकचा अनुभवही हेच सांगतो की, असा मार्ग जमिनीवरील पदपथाला पूरक ठरू शकतो, पर्याय नव्हे.

प्राधान्यक्रम कसा ठरवावा?

कोणता रस्ता आधी घ्यावा हे ठरविण्यासाठी नियोजनकार सामान्यतः गुणांकन पद्धतीचा अवलंब करतात. त्यातील प्रमुख निकष पुढीलप्रमाणे मांडता येतील.

१. मागणी : रस्त्यावरून दर तासाला किती माणसे चालतात, जवळ स्थानक, शाळा, रुग्णालय किंवा बाजार आहे काय.
२. धोका : पादचाऱ्यांचे अपघात किती व कोठे होतात.
३. जोडणी : हा दुवा पूर्ण झाल्यास किती मार्ग एकमेकांना जोडले जातील.
४. सुकरता : जागा उपलब्ध आहे काय, भूमिगत वाहिन्या, अतिक्रमण वा भूसंपादनाचे अडथळे किती.

निकष तेच असले तरी त्यांना दिलेल्या भारानुसार उत्तर बदलते. उदाहरणादाखल दोन कल्पित रस्ते घेऊ. रस्ता ‘अ’ हा स्थानकाला बसस्थानकाशी जोडणारा, अरुंद व गर्दीचा आहे. त्याला दहापैकी मागणीसाठी ९, धोक्यासाठी ८, जोडणीसाठी ९ आणि सुकरतेसाठी ३ गुण मिळतात. रस्ता ‘ब’ रुंद, वृक्षाच्छादित व कमी वर्दळीचा आहे. त्याचे गुण अनुक्रमे ५, ४, ४ आणि ९ आहेत. पहिल्या तीन निकषांना प्रत्येकी ३० टक्के आणि सुकरतेला १० टक्के भार दिल्यास ‘अ’ला ८.१, तर ‘ब’ला ४.८ गुण मिळतात. याउलट सुकरतेला ६० टक्के, मागणीला २० टक्के आणि उरलेल्या दोहोंना प्रत्येकी १० टक्के भार दिल्यास ‘अ’चे गुण ५.३ होतात आणि ‘ब’ ७.२ गुणांसह पुढे जातो.

प्रत्यक्ष कारभारात दुसऱ्या प्रकारचा भार अनेकदा नकळत दिला जातो. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी निधी खर्च करावयाचा असतो, उद्घाटनाची तारीख जवळ आलेली असते. मग सोपा रस्ता आधी होतो आणि ज्या रस्त्यावर माणसे खरोखर जीव मुठीत धरून चालतात, तो पुढच्या वर्षावर ढकलला जातो. म्हणून निकष व त्यांचा भार आधीच जाहीर करणे आणि त्यावर नागरिकांच्या सूचना मागविणे आवश्यक ठरते. निकष जाहीर असल्यास डावलल्या गेलेल्या वस्तीला प्रश्न विचारता येतो.

रस्ता निवडल्यानंतर त्याची मापेही महत्त्वाची असतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर निर्वेध रुंदी हवी. बाजारपेठेच्या भागात ती याहून बरीच अधिक असावी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. उंच पदपथावर वृद्धांना चढता येत नाही आणि मग ते रस्त्यावरूनच चालतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये सुगम्य रस्ते ही शासनाची जबाबदारी आहे.

पथविक्रेत्यांचे स्थान

पाँडी बाजारच्या पदपथांवर पूर्वी शेकडो पथविक्रेते बसत. २०१३ च्या सुमारास त्यांचे महापालिकेने बांधलेल्या बहुमजली संकुलात स्थलांतर करण्यात आले. पदपथ मोकळा झाला. परंतु चालता चालता खरेदी करणारा ग्राहक जिना चढून वर जाईलच असे नसते. फुले, फळे वा केसांच्या पिना विकणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न या पादचाऱ्यावरच अवलंबून असते.

पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ याने या प्रश्नाला कायदेशीर चौकट दिली. दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती आणि त्या समितीत किमान ४० टक्के पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी, तसेच त्या प्रतिनिधींत एकतृतीयांश महिला, अशा तरतुदी त्यात आहेत. पदपथाच्या आराखड्यातच विक्रीसाठी आखीव पट्टी ठेवली आणि चालण्याची रुंदी अबाधित राखली, तर पादचारी व विक्रेता यांच्यात संघर्ष उरत नाही. सायंकाळनंतर विक्रेत्यांची वर्दळ असलेला पदपथ महिलांना अधिक सुरक्षित वाटतो, हाही एक लाभ असतो.

पाण्याची वाट आणि हरितमार्ग

टी. नगरमधून मांबलम कालवा वाहतो. वळ्ळुवर कोट्टम परिसराकडून येणारे पावसाचे पाणी तो दक्षिणेकडील अड्यार नदीपर्यंत नेतो. दाट वस्तीतून थेट नदीला जाऊन मिळणारी अशी सलग पट्टी जाळ्याच्या नियोजनाच्या दृष्टीने मोलाची असते. कालव्याच्या काठाने पायवाट व सायकल मार्ग झाल्यास टी. नगरच्या गल्ल्या नदीकाठच्या मार्गाला आणि तेथून शहराच्या अन्य भागांना जोडता येतील. अड्यार, कूवम आणि बकिंगहॅम कालवा हे चेन्नईच्या प्रादेशिक जाळ्याचे नैसर्गिक कणे आहेत. अड्यारच्या मुखाजवळ ५८ एकरांवर उभारलेले तोल्काप्पियर पूंगा हे पर्यावरण उद्यान २०११ मध्ये सुरू झाले. खचलेला खाडीप्रदेश पुन्हा सजीव करता येतो, हे त्याने दाखवून दिले.

मात्र कालवा हा सर्वप्रथम पाण्याचा मार्ग आहे. नोव्हेंबर २०२१ मधील अतिवृष्टीत टी. नगरमधील अनेक रस्ते पाण्याखाली गेले. त्या वेळी कालव्यातील सुशोभीकरणाच्या कामामुळे व साठलेल्या राडारोड्यामुळे प्रवाहास अडथळा झाल्याचा मुद्दा पुढे आला. राज्य शासनाने शहरातील स्मार्ट सिटी कामांच्या चौकशीसाठी निवृत्त सनदी अधिकाऱ्याची एकसदस्यीय समितीही नेमली. जी वसाहत तलावाच्या जागेवर उभी आहे, तेथे पाणी जुनी जागा शोधत येणारच. म्हणून काठचा मार्ग आखताना पात्राची रुंदी कमी होऊ न देणे, काँक्रीटऐवजी पाणी मुरणारा पृष्ठभाग ठेवणे आणि काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करून पात्र मोकळे करणे, या अटी प्रथम पाळाव्या लागतात. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मान्सूनचा मुख्य पाऊस पडत असल्याने कामाचे वेळापत्रकही त्यानुसार बेतावे लागते.

यंत्रणांचा समन्वय

एकाच रस्त्याशी अनेक यंत्रणांचा संबंध येतो. पदपथ महापालिकेचा, बस परिवहन महामंडळाची, स्थानक रेल्वेचे, वाहतूक नियमन पोलिसांचे आणि भूमिगत वाहिन्या निरनिराळ्या मंडळांच्या. चेन्नई मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात पानगल पार्क येथे भूमिगत स्थानकाचा समावेश आहे. दक्षिण उस्मान रोडला सी.आय.टी. नगरशी जोडणारा उड्डाणपूल २०२५ मध्ये सुरू झाला. एकाच किलोमीटरच्या परिसरात मेट्रो, उड्डाणपूल, स्कायवॉक व पादचारी चौक अशी गुंतवणूक होते, तेव्हा या सर्वांचा एकत्रित नकाशा कोणाकडे आहे, हा प्रश्न कळीचा ठरतो. चेन्नई एकात्मिक महानगर परिवहन प्राधिकरणाची स्थापना याच गरजेतून झाली.

राज्यघटनेतही यासाठी आधार आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगर नियोजन, रस्ते व पूल, नागरी वनीकरण आणि उद्याने हे विषय आहेत. अनुच्छेद २४३ झेडई मध्ये महानगर नियोजन समितीची तरतूद आहे. हरितमार्गांचे जाळे वॉर्डाच्या व शहराच्या सीमा ओलांडून जाते. त्यामुळे त्याचा विचार महानगर पातळीवरच व्हावयास हवा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निर्वेध पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट करून राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे आखण्याचे निर्देश दिले. त्यामुळे पदपथ ही आता प्रशासनाची केवळ सवड उरलेली नाही.

महाराष्ट्रासाठी बोध

महाराष्ट्रातही या दिशेने पावले पडली आहेत. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा स्वीकारला. जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना केली आणि २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्यावर पाळण्यास प्रारंभ केला. पिंपरी-चिंचवड महापालिकेने ‘हरित सेतू’ या उपक्रमात निवासी भागातील रस्ते, उद्याने व शाळा यांना जोडणाऱ्या हरित पादचारी मार्गांचे जाळे हाती घेतले आणि त्यासाठी हरित कर्जरोख्यांचा मार्ग अवलंबिला. या शहरांपुढेही टी. नगरचेच प्रश्न आहेत : सुधारलेला रस्ता संपतो तेथे पुढे काय, विक्रेत्याला जागा कोठे, आणि नदीकाठचा मार्ग पुराच्या पाण्याला वाट देतो काय.

टी. नगरच्या अनुभवाचे सार असे सांगता येईल : निधी आधी राखून ठेवावा, कायमस्वरूपी बदलापूर्वी चाचणी घ्यावी, आणि सोप्या रस्त्यापेक्षा गरजेचा रस्ता आधी निवडावा. अशा नियोजनाचे यश किती किलोमीटर पदपथ बांधले यावरून मोजणे पुरेसे नाही. मांबलम स्थानकात उतरलेली वृद्ध स्त्री हातातील पिशवीसह, कोणाचा आधार न घेता, पानगल पार्कपर्यंत चालत जाऊ शकते किंवा नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.